इलेक्ट्रिशियन व्हायचंय? दहावीनंतर सुरुवात नेमकी कुठून करायची

दहावीचा निकाल लागला की हा प्रश्न येतोच. कधी पोरगा विचारतो, कधी त्याचे वडील, हल्ली मुलीपण विचारतात, की आयटीआय करू का सरळ कोणाच्या तरी हाताखाली लागू? मी वायरिंगची कामं घेतो, हाताखाली पोरं असतात, त्यामुळे दोन्ही रस्त्यांनी आलेली माणसं रोज बघतो. सरळ सांगतो, काम शिकायला साईट लागतेच, त्याला पर्याय नाही, पण कागद आधी घ्या. हात तयार झालाय पण कागद नाही असा माणूस चाळिशीतही दुसऱ्याच्या लायसनवर काम करत असतो, टेस्ट रिपोर्टवर सही दुसऱ्याची, बिल दुसऱ्याच्या नावाने, आणि ह्याच्या हातात येते ती रोजंदारी. कामात तो त्या लायसनवाल्यापेक्षा भारी असतो बरं का, पण त्याला कोण विचारतो.

खाली जे लिहितोय ते महाराष्ट्रातलं आहे. दुसऱ्या राज्यात ऑफिसं आणि नियम थोडे बदलतात.

ट्रेड कुठला घ्यायचा

आपल्या लाईनचे आयटीआयमध्ये दोन मुख्य ट्रेड, इलेक्ट्रिशियन आणि वायरमन. सरकारी कागदावर वीजतंत्री आणि तारतंत्री असं लिहिलेलं असतं, गोंधळू नका, तेच आहेत. दोन्ही दोन-दोन वर्षांचे. इलेक्ट्रिशियनला दहावी पास लागते, गणित आणि विज्ञान घेऊन. वायरमनला आठवी पास चालते.

आता लोक म्हणतात वायरमन सोपा आहे तोच घे. सोपा-अवघड असं काही नसतं, फरक कामाचा आहे. इलेक्ट्रिशियनमध्ये घरची वायरिंग तर आहेच, वर मोटर, ट्रान्सफॉर्मर, वाइंडिंग, कंट्रोल पॅनल, हे सगळं येतं, म्हणजे एमआयडीसीत कंपनीत जायचं असेल, मेंटेनन्सला लागायचं असेल तर तोच घ्या. वायरमनचा जोर वायरिंगवर आणि लाईनच्या कामावर असतो. बिल्डिंगची कामं किंवा महावितरण डोक्यात असेल तर वायरमन अजिबात कमी नाही, महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीत दोन्ही ट्रेड चालतात. फक्त एक लक्षात ठेवा, आठवीवर वायरमन केलात तरी दहावी सोडू नका, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून द्या, कारण पुढच्या जवळपास प्रत्येक जाहिरातीत दहावी मागतात, आणि तेव्हा हातात आयटीआय असून फॉर्म भरता येत नाही म्हणून रडायची वेळ येते.

तीन-चार महिन्यांचे कौशल्य विकासचे कोर्सपण असतात, असिस्टंट इलेक्ट्रिशियन वगैरे नावाचे. वाईट नाहीत. ज्याला लगेच चार पैसे मिळवायचेत, किंवा आधीच साईटवर आहे आणि जरा थिअरी पाहिजे, त्याला ठीक. पण ते सर्टिफिकेट म्हणजे आयटीआयचं सर्टिफिकेट नव्हे. भरतीला ते चालेल असं कोणी सांगत असेल तर जाहिरात उघडून दाखवा म्हणा.

ॲडमिशन

महाराष्ट्रात आयटीआय व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाखाली येतात, ज्याला सगळे डीव्हीईटी म्हणतात. ॲडमिशन ऑनलाईन, केंद्रीय पद्धतीने, दहावीच्या मार्कांच्या मेरिटवर. राज्यात सरकारी आयटीआयच चारशेच्या वर आहेत, तालुक्याच्या गावी बहुतेक ठिकाणी एक असतंच, आणि औंध, मुलुंड, सातपूर अशी शहरातली जुनी नावं तर सगळ्यांना माहीत आहेत. इलेक्ट्रिशियनच्या एका तुकडीत २० जागा असतात, आणि हा ट्रेड लवकर भरतो, त्यामुळे "ॲडमिशन काय, मिळूनच जाईल" ह्या भरवशावर राहू नका.

फॉर्म भरला, पैसे भरले, की काम झालं असं समजणारे बरेच असतात. तसं नाही. अर्ज निश्चित करायचा असतो, मग विकल्प भरायचे असतात, म्हणजे कुठलं आयटीआय कुठला ट्रेड हा क्रम. हा क्रम घाईत सायबर कॅफेवाल्याला भरायला सांगू नका. पहिल्या नंबरवर तेच टाका जिथे जागा लागली तर तुम्ही खरंच जाणार आहात, कारण पहिल्याच पसंतीची जागा लागून तुम्ही घेतली नाही तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडायची वेळ येते. दरवर्षी माहितीपुस्तिका निघते, मराठीत असते, कंटाळवाणी असते, तरी वाचा. जातीचा दाखला, नॉन क्रिमी लेअर, डोमिसाईल हे मे महिन्यातच काढून ठेवा, निकालानंतर सेतू केंद्रावर काय गर्दी असते ते सांगायला नको. मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात, आणि बऱ्याच ठिकाणी त्या मागायलाच कोणी येत नाही.

खाजगी आयटीआय घेणार असाल तर एकच गोष्ट आधी बघा, त्या ट्रेडला, त्या तुकडीला केंद्राची मान्यता आहे का. बोलताना सगळे अजून एनसीव्हीटीच म्हणतात, ती जुनी संस्था आता एनसीव्हीईटीमध्ये गेली, पण विचारायचा प्रश्न तोच. संस्थेला मान्यता आहे आणि ह्या ट्रेडला नाही, किंवा एका तुकडीला आहे दुसरीला नाही, असंही असतं. केंद्राच्या पोर्टलवर संस्थेचं नाव टाकून ट्रेड आणि तुकड्या बघता येतात. "मान्यता प्रोसेसमध्ये आहे" हे वाक्य ऐकलं की उठून चालायला लागा.

आतली दोन वर्षं

पहिले काही आठवडे तुम्हाला वाटेल आपण चुकून फिटरला आलो. फाइल मारा, हॅक्सॉने पट्टी कापा, ड्रिल मारा, लाकूडकाम करा. पोरं वैतागतात, दांड्या मारतात. मी म्हणतो हेच नीट करा. साईटवर मेटल बॉक्स बसवायचा, केबल ट्रेला भोक पाडायचं, डीबी (घरभर सप्लाय वाटणारी मेन पेटी) लेव्हलमध्ये लावायची, हे सगळं तिथूनच येतं, आणि ज्याची फाइल सरळ चालते त्याचा डीबी पण बघण्यासारखा असतो.

मग जॉइंट येतात, मॅरिड जॉइंट, ब्रिटानिया जॉइंट, टी जॉइंट, सोल्डरिंग. मग ओहमचा नियम, सिरीज-पॅरलल, बॅटरी, वायरिंगचे प्रकार, अर्थिंग, मीटर, ट्रान्सफॉर्मर. दुसऱ्या वर्षी मोटर, स्टार्टर, वाइंडिंग, पॅनल, इन्व्हर्टर, सोलर. हजेरी ८० टक्के लागते. परीक्षेत प्रॅक्टिकलला पास व्हायला ६० टक्के लागतात, थिअरीला ३३. ह्यावरूनच कळतं की वजन कशाला आहे, पण उलटं करणारे जास्त, थिअरीची प्रश्नपत्रिका पाठ करतात आणि प्रॅक्टिकलला सरांच्या तोंडाकडे बघत बसतात. थिअरीला निमी संस्थेची पुस्तकं आणि भारत स्किल्स पोर्टलवरच्या प्रश्नसंचाचा सराव पुरतो, दोन्ही फुकट मिळतात, क्लास लावायची गरज नाही.

दोन वर्षांत सगळंच सारखं मन लावून होत नाही, ते मलापण माहीत आहे. म्हणून साईटवर मला पहिल्या दिवशी कशाची गरज पडते ते सांगतो, तेवढं तरी पक्कं करून या.

पहिलं, हिशोब. पॉवर भागिले व्होल्टेज म्हणजे करंट. घरात सिंगल फेज २३० व्होल्ट, थ्री फेजला दोन फेजमध्ये साधारण ४१५. गिझर २००० वॅटचा असेल तर २००० भागिले २३०, म्हणजे पावणेनऊ अँपिअरच्या आसपास. त्याला ६ अँपिअरच्या सॉकेटवर टाकलं तर काय होईल हे मग कोणी सांगावं लागत नाही. घरच्या कामात लाईट-पंख्याला दीड स्क्वेअर एमएमची वायर आणि त्यावर ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), पॉवर पॉइंटला अडीच आणि १६ चा एमसीबी, एसीला चार स्क्वेअर, असं साधारण चालतं, पण हे पाठ करू नका, लोड काढा, वायरची लांबी बघा, पाइपात किती वायरी एकत्र जातायत ते बघा, मग ठरवा. आणि एमसीबी सारखा पडतोय म्हणून १६ काढून ३२ टाकणारा "अनुभवी" माणूस साईटवर भेटेलच. वायर अडीचचीच ठेवून वरचा एमसीबी मोठा केला म्हणजे भिंतीतली वायर तापेल, जळेल, तरी एमसीबी पडणार नाही. एमसीबी असतो तो वायर वाचवायला.

माणूस वाचवायला असतो तो आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे एवढा करंट बाहेर गळला की लगेच सप्लाय तोडणारा. का ३०, ते पण समजून घ्या. अंगाचा रेझिस्टन्स हजार ओहम धरला तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर वाहतात, अंग ओलं असेल तर अजून जास्त. माणूस मरायला एवढे लागतही नाहीत. पण १६ अँपिअरच्या एमसीबीला २३० मिलिअँपिअर म्हणजे काहीच नाही, तो मजेत चालू राहणार. म्हणून "एमसीबी आहे की, शॉक लागला तर पडेल" असं गिऱ्हाईक म्हणालं तर त्याला हा हिशोब मांडून दाखवायचा, आरसीसीबीचा खर्च तो स्वतःच मान्य करतो.

दुसरं, स्विच कायम फेजमध्ये. ऐकायला बालवाडीतलं वाटतं, पण जुन्या घरात निम्म्या वेळा न्यूट्रलमध्ये स्विच सापडतो, दिवा बंद होतो आणि होल्डरमध्ये फेज तसाच उभा. रंग पाळा, फेजला लाल-पिवळा-निळा, न्यूट्रल काळा, अर्थ हिरवा. वायर संपली म्हणून हिरवी वायर फेजला ओढणारा मिस्त्री तुमचा उस्ताद असला तरी ते शिकू नका, कारण पुढच्या वर्षी तो बोर्ड उघडणारा दुसराच कोणीतरी असतो.

तिसरं, टेस्टरवर आंधळा विश्वास नको. आयटीआयतून आलेलं पोरगं आणि दुरुस्तीतला माणूस ह्यांच्यातला फरक मला इथेच दिसतो. समजा सॉकेटच्या दोन्ही भोकात टेस्टर पेटतोय. नवखा म्हणतो दोन फेज आले. बहुतेक वेळा मागे कुठेतरी न्यूट्रल तुटलेला असतो आणि चालू असलेल्या एखाद्या दिव्यातून, पंख्यातून फेज फिरून न्यूट्रलच्या वायरवर आलेला असतो. सगळी उपकरणं बंद करा, परत टेस्टर लावा, न्यूट्रलचा उजेड गेला तर न्यूट्रलच शोधायला लागा. म्हणून सोबत मल्टीमीटर पाहिजे आणि टेस्ट लॅम्प पण पाहिजे, बल्ब लोड घेतो, खोटं बोलत नाही. आणि थ्री फेज बिल्डिंगमध्ये मेनचा न्यूट्रल ढिला झाला तर काय होतं ते सरांकडून बोर्डवर काढून समजून घ्या, एका घरात दिवे मंद आणि शेजारच्या घरात टीव्ही फ्रीज जळालेले, कारण तिथे २३० च्या जागी तीनशे-साडेतीनशे व्होल्ट पोहोचलेले असतात. असा फोन आला की आधी मेन बंद करायला सांगायचं आणि मगच गाडीला किक मारायची.

चौथं, अर्थिंग. फेज आणि अर्थमध्ये मीटरने २३० दाखवले म्हणजे अर्थिंग चांगलं असं नसतं, मल्टीमीटर करंट जवळजवळ घेतच नाही त्यामुळे अर्थिंगचा सुकलेला खड्डापण पास होतो. खरं मोजमाप अर्थ टेस्टरनेच करायचं. साईटवर काही जण फेज-अर्थमध्ये मोठा बल्ब लावून बघतात, बल्ब मंद पेटला तर अर्थिंग कच्चं, पण कच्चं असेल तर तेवढा वेळ घरातल्या सगळ्या उपकरणांच्या बॉडीवर करंट येऊ शकतो, म्हणून शिकाऊ असताना हे एकट्याने करायचं नाही. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे खड्डे कोरडे पडतात, त्यात पाणी घालायला सांगणं हा पण कामाचाच भाग आहे.

पाचवं, मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचा मीटर. नवीन वायरिंग झाली की सप्लाय द्यायच्या आधी, उपकरणं सगळी काढून, ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन बघायचं, किमान १ मेगाओहम तरी आलं पाहिजे. प्लास्टरवाल्याने खिळा मारला असेल तर तो इथे सापडतो. नाही बघितलं तर गृहप्रवेशाच्या दिवशी सापडतो.

मोटरचं एवढं सांगतो, थेट स्टार्टरवर मोटर चालू होताना फुल लोडच्या पाच-सात पट करंट ओढते, स्टार-डेल्टा स्टार्टरने तो लाईनवर साधारण एक तृतीयांशावर येतो. स्टार-डेल्टाचं पॉवर आणि कंट्रोल वायरिंग न बघता काढता आलं पाहिजे. गावाकडे राहणार असाल तर शेतकऱ्याच्या पंपाचा स्टार्टर आणि वाइंडिंग ह्यावरच पोट चालतं, बोअरची मोटर जळाली की रात्री दहाला पण फोन येतो आणि पीक उभं असेल तर शेतकरी भाव करत नाही. हे शिकायला दुसऱ्या वर्षी सुट्टीत एखाद्या वाइंडिंगच्या दुकानात जाऊन बसा, फुकट बसा पण बसा.

टूल

सुरुवातीला फार घेऊ नका. चांगली पक्कड, नोज प्लायर, कटर, दोन-तीन साइझचे डिसमिस, टेस्टर, वायर स्ट्रिपर, मल्टीमीटर, हातोडी, छन्नी, मेजर टेप, स्पिरिट लेव्हल, वायर ओढायची स्प्रिंग. पक्कड आणि डिसमिस १००० व्होल्ट लिहिलेले इन्सुलेटेडच घ्या, आणि इन्सुलेशन फाटलं की त्यावर टेप गुंडाळून वापरत बसू नका. क्लॅम्प मीटर पहिल्या स्टायपेंडमधून घ्या, मेगर नंतर. पायात रबर सोलचे बूट, चप्पल घालून साईटवर येणाऱ्या पोराला मी शिडीवर चढू देत नाही. अंगठी, कडं, गळ्यातली चेन काढून खिशात.

जीव

चालू लाईनवर काम करता येणं म्हणजे मर्दानगी, असा एक खुळा समज ह्या धंद्यात आहे. "अरे बंद कशाला करतोस, उलट्या हाताने धर काही होत नाही." ह्या माणसाच्या हाताखाली राहू नका, दुसरा उस्ताद शोधा, खरंच सांगतो.

पद्धत अशी. मेन बंद करा. बंद केलेल्या जागी कुलूप लावा, निदान पाटी लावून एक माणूस तिथे उभा करा, कारण घरातलं कोणीतरी "लाईट गेली वाटतं" म्हणून वर करणारच. मग टेस्टर आधी चालू असलेल्या दुसऱ्या ठिकाणी लावून बघा की तो चालतोय, मग आपल्या वायरवर लावून बघा की सप्लाय नाही, मग परत चालू ठिकाणी लावून बघा. हे तीन वेळा बघणं वेड्यासारखं वाटतं, पण टेस्टरच बिघडलेला असेल तर ते कळायचा दुसरा मार्ग नाही. इन्व्हर्टर आहे का, सोलर आहे का हे विचारा, मेन बंद केला तरी त्यांच्या लाईनवर करंट असतो. गावात डीपीवर किंवा खांबावर तर चढायचंच नाही, ते महावितरणच्या माणसाचं काम आहे, शेजारचा कितीही विनवू दे.

कोणाला शॉक लागून चिकटला तर हात लावू नका, आधी सप्लाय तोडा, तो तोडता येत नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या पाइपाने बाजूला करा. १०८ ला फोन. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायला लागा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत थांबू नका. आयटीआयमध्ये हे शिकवतात तेव्हा पोरं हसतात आणि मोबाईलवर शूटिंग करतात. बाहुलीवर एकदा तरी स्वतः करून बघा, किती जोर लागतो ते वाचून कळत नाही.

अप्रेंटिसशिप

आयटीआय पास झालात की लगेच कामाला लागायचा मोह होतो, कारण ठेकेदार रोजचे पैसे जास्त देतो आणि अप्रेंटिसला स्टायपेंड असतो. तरी हे वर्ष करा. १९६१ च्या कायद्याखाली हे प्रशिक्षण असतं, आयटीआय पासवाल्याला साधारण एक वर्षाचं, शेवटी परीक्षा आणि नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट. स्टायपेंडची किमान रक्कम नियमाने ठरलेली असते, २०१९ च्या नियमात आयटीआय पास मुलासाठी ती महिना ७,००० होती, तुमच्या वेळी किती आहे ते करारावर बघून घ्या. अप्रेंटिसशिप इंडियाच्या पोर्टलवर नाव नोंदवायचं, तिथेच महावितरण, रेल्वे, कंपन्या जागा टाकतात. करार पोर्टलवर नोंदवलाय का, त्याचा नंबर आहे का हे पहिल्याच आठवड्यात विचारा. "आपल्याकडे अप्रेंटिस म्हणून ये, कागदाचं नंतर बघू" असं म्हणणाऱ्याकडे तुम्ही अप्रेंटिस नसता, स्वस्तातले हेल्पर असता.

आणि वर्ष संपलं की त्याच कंपनीत नोकरी पक्की असं कायद्यात कुठे नाही, ती आशा धरून बसू नका. तुम्ही तिथे जाताय ते एचटी (हाय व्होल्टेजचे) पॅनल, मोठे मोटर, पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कंप्युटर), शटडाऊन परमिट कसं घेतात हे बघायला, जे घरच्या वायरिंगमध्ये दहा वर्षांत बघायला मिळणार नाही. रोज एक वही लिहा. आज कुठला फॉल्ट आला, आधी काय वाटलं, निघालं काय. पुढे मुलाखतीत ह्या वहीतलंच बोलायचं असतं.

महावितरणकडे डोळा असेल तर विद्युत सहाय्यकची भरती निघते, पहिली तीन वर्षं ठराविक मानधन आणि नंतर तंत्रज्ञ म्हणून नेमणूक. पण भरती दरवर्षी निघतेच असं नाही, त्यामुळे चार-चार वर्षं नुसता अभ्यास करत घरी बसणारी पोरं बघितली की वाईट वाटतं. काम करत करत अभ्यास करा.

परमिट

आता ज्यासाठी सुरुवातीला कागद कागद केलं ते. नियम असा आहे की बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली तर दुसऱ्याच्या जागेतलं विजेचं काम लायसनधारक ठेकेदारानेच करायचं, सुपरवायझरचं सर्टिफिकेट असलेल्याच्या देखरेखीखाली, आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडे परमिट पाहिजे. म्हणजे तीन पायऱ्या, वायरमन परमिट, सुपरवायझर, ठेकेदार. लोक अजून ह्याला पीडब्ल्यूडी लायसनच म्हणतात, काम मात्र राज्याच्या विद्युत निरीक्षण विभागाकडे आणि त्यांच्या परवाना मंडळाकडे असतं. मान्यताप्राप्त आयटीआय केलेलं असलं की परमिटचा रस्ता बराच सोपा होतो, कागद नसलेल्या हेल्परला तोच रस्ता लांबचा पडतो. एजंटला पैसे देण्याआधी एकदा जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात स्वतः जाऊन फॉर्म आणि फीची यादी घेऊन या. परमिटला मुदत असते, नूतनीकरणाची तारीख मोबाईलमध्ये लावून ठेवा.

नवीन मीटर घ्यायचा तर महावितरण टेस्ट रिपोर्ट मागते, तो देणार लायसनवाला ठेकेदार. गावात असा एकच माणूस असेल तर आजूबाजूच्या सगळ्या वायरमनना त्याच्याकडे जावं लागतं. तो माणूस तुम्ही का नसावं?

बांधकामाच्या साईटवर काम करत असाल तर अजून एक, वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला असेल तर राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते, इलेक्ट्रिशियनपण त्यात बसतात. बरेच जण "ते गवंड्यांचं आहे" म्हणून सोडून देतात.

पुढे शिकायचं असेल तर

आईवडिलांची काळजी असते की आयटीआय केलं म्हणजे शिक्षण संपलं. संपत नाही. दहावी आणि दोन वर्षांचा आयटीआय असेल तर पॉलिटेक्निकला डायरेक्ट दुसऱ्या वर्षाला ॲडमिशन मिळते, म्हणजे डिप्लोमा दोन वर्षांत. शिकवायची आवड असेल तर एक वर्षाचा इन्स्ट्रक्टरचा कोर्स आहे, तो करून आयटीआयमध्येच निदेशक म्हणून अर्ज करता येतो.

आणि सोलर शिकून घ्याच. २०२४ पासून घरांच्या छपरावर पीएम सूर्यघर आणि शेतात मागेल त्याला सौर कृषी पंप, दोन्हीकडे पॅनल लागतायत, पण डीसीची बाजू समजणारे वायरमन कमी. पॅनलची स्ट्रिंग, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनलची माळ, ऊन असेपर्यंत बंदच होत नाही, काही घरांवर तीनशे-चारशे व्होल्ट डीसी असतो, आणि लोडवर कनेक्टर ओढला तर जो आर्क बसतो तो एसीसारखा लगेच विझत नाही, म्हणून आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर, मगच कनेक्टरला हात. आयटीआय पास मुलांसाठी राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचा सूर्यमित्र म्हणून कोर्स असतो, जवळ कुठे बॅच निघतेय ते बघत राहा. तो मिळेपर्यंत एखाद्या सोलर बसवणाऱ्याबरोबर छपरावर चढा, हार्नेस लावून.